स्वीडनची बाई आणि आईचं रडणं

धुळे
१७ एप्रिल १९८८

प्रिय निंबा,

मागच्या पत्राला तुझं उत्तर नाही. त्याच्या मागच्यालाही नव्हतं. बेबावहिनी होती तेव्हा तीच पोस्टकार्ड नि पेन तुझ्यापुढे ठेवायची, म्हणून चार ओळी तरी यायच्या. असो, रागावलो नाहीये. आज तुला एक कोडं घालायचंय आणि ते तुझ्याशिवाय सुटायचं नाही.

आमच्या फिल्म सोसायटीचं तुला ठाऊकच आहे. रविवारी सकाळी ग्रंथालयाच्या हॉलच्या खिडक्यांना घोंगड्या लावायच्या आणि मुंबईहून आलेली रिळं दाखवायची. ह्या खेपेला आला स्वीडनचा सिनेमा. अरे बाप रे, काय उदास! बाहेर धुळ्याचं ऊन डोकं फोडतंय आणि आत नुसता बर्फ. एका बेटावर नवरा-बायको राहतात. बायको हिवाळाभर खंगते आणि मरते. नवरा तिच्या पेटीला खिळे ठोकतो, हात धुतो, कॉफी पितो. संपला सिनेमा! बोलणंही इतकं कमी की वाटावं, शब्दांवर जकात असावी.

बाहेर चहाला उभे राहिलो तर आमचे खजिनदार झुलाल सर, केमिस्ट्री शिकवतात ते, जाम वैतागलेले. म्हणाले, घरचं दुःख कमी पडतंय का, की आता स्वीडनहून मागवायचं? त्यांची सगळी सुटी नासली म्हणे. आणि त्याच वेळी जीवराम टेलर मात्र शीळ घालत सायकल काढत होता. त्याला विचारलं, तर म्हणाला, लई बरं वाटलं. का बरं वाटलं ते काही त्याला सांगता येईना. एकच सिनेमा, एकच हॉल, एकाचं तोंड कडू आणि एकाचं गोड! तेव्हापासून माझ्या डोक्यात हाच भुंगा. रडका सिनेमा माणसाला खाली ढकलतो की वर काढतो?

आता खरी गंमत ऐक. त्या दिवशी मी आईला सोबत नेलं होतं. साक्रीहून आली होती, घरी एकटी काय करील म्हणून. खालची इंग्रजी अक्षरं मी तिच्या कानात मराठीत सांगत होतो. ती बाई मेली तशी आईनं डोक्यावरचा पदर तोंडावर ओढला आणि मोठ्यानं हेल काढला! आपल्याकडे मयताच्या दारात बायका काढतात ना, तस्सा. त्या बाईचं नाव घेऊन, तिच्या हातच्या कामाचं कौतुक करत, मागे राहिलेल्या नवऱ्याला कोण बघील म्हणत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिचा हात दाबतोय, तर मागच्या रांगेतल्या मंजुळाबाईंनीही सूर धरला. मग आणखी दोघी-तिघी. झुलाल सर उठून शुक् शुक् करताहेत, पण ऐकतंय कोण? पडद्यावर तो नवरा खिळे ठोकत होता आणि इकडे धुळ्याच्या बायका त्याच्या बायकोला रडत होत्या.

एवढ्यावर भागलं नाही. बाहेर आल्यावर आई चहाला शिवेना. म्हणे, मयताहून आलेय, अंघोळीशिवाय कसा घेऊ? वर आवारातल्या कडुनिंबाचा पाला तोडून सगळ्यांच्या हातावर ठेवला. तिच्यापुढे कोणाची टाप आहे? झुलाल सरांनीही मुकाट्यानं चावला. घरी येऊन डोक्यावरून अंघोळ केली आणि कळण्याची भाकरी अशी पोटभर जेवली की विचारू नकोस. मी विचारलं, आई, तो सिनेमा होता ना, रडायचं कशाला? तर म्हणाली, "बाई मरी गई, पन कोनी रडनं नही. मंग मीच रडी लिधं. आते मन हलकं व्हई गयं."

हसू आलं ना? मलाही आलं. पण जेवता जेवता तिनं घास खाली ठेवला आणि म्हणाली, तो कॉफी पिणारा माणूस मला आपल्या निंबासारखा वाटला रे.

निंबा, वहिनी गेली त्या दिवशी मी पाचोऱ्यात तुझ्या शेजारीच होतो. तू लाकडं आणवलीस, आल्यागेल्याच्या चहाचं पाहिलंस, आणि दहाव्याला माझ्याशी कपाशीच्या भावावर बोलत बसलास. लोक म्हणाले, निंबाभाऊ खंबीर. मला तेव्हाच भीती वाटली. आता तुझा धाकटा भाऊ लिहितो की तू तिच्या खोलीला कुलूप घातलंस आणि रात्रंदिवस शेतावरच असतोस. गड्या, मला तुझी फार काळजी वाटते.

रिळं परत पाठवायची, असं झुलाल सरांचं मत होतं. मी भांडून येत्या रविवारचा आणखी एक खेळ ठेवून घेतलाय. सोसायटीसाठी नाही, तुझ्यासाठी. शनिवारीच एस.टी.नं ये. तुझं मन जड होईल की हलकं, मला खरंच माहीत नाही. म्हणून तर कोडं म्हटलं. आई मुद्दाम थांबलीय. तुझ्या शेजारची खुर्ची तिनं आत्ताच मागून ठेवलीय. तुला काही करायचं नाही, नुसतं बसायचं. सुरुवात ती करणार आहे.

वाट पाहणारा, तुझाच
हिलाल