सप्टेंबरच्या पुराचं पाणी

हिनोतानी, तोसा
१८ नोव्हेंबर १९९३

चि. फुमिकास,
अनेक आशीर्वाद. थंडी अजून दारातच घुटमळते आहे. काकीच्या झाडाची केशरी फळं सोलून वाळायला ओसरीवर टांगली होती, त्यातली निम्मी माकडांनी नेली. उरलेली त्यांच्या पसंतीस उतरली नाहीत. तीच तुला पाठवते आहे, तेव्हा नावं ठेवू नकोस.

परवा वन कचेरीतले ओगुरासान येऊन गेले. ओढ्यावरची सेइगोची कामाची खोली वर्ष संपायच्या आत रिकामी करून द्यायची आहे म्हणाले. सूनबाईंना कळवू का, असंही विचारलं. मी म्हटलं, त्या पोरीला क्योतोहून कशाला पळवायचं, माझे हात अजून शाबूत आहेत. तुझ्याच्याने ती खोली उघडवणार नाही हे मला कळतं. दिवसकार्याला आलीस तेव्हा पुलापर्यंत जाऊन परत फिरलीस, ते मी अंगणातून पाहिलं होतं.

काय सांगू त्या खोलीची दशा! माझ्या मुलाला डॉक्टरेट मिळाली, पण डबा धुवायची अक्कल काही आली नाही. शाळेत असताना शनिवारचा डबा सोमवारी दप्तरात सापडायचा, तेच इथे. चिखलाचे बूट उशाशी, मोजे दोरीवर. फ्रिज उघडला तर काचेच्या बाटल्यांची रांगच्या रांग, जवाच्या चहाने भरलेली. प्रत्येकीवर पट्टी चिकटवून सप्टेंबरची तारीख घातलेली. म्हणजे तारीख टाकण्याइतका टापटिपीचा झाला, पण ओतून टाकण्याइतका नाही. दोन महिन्यांचा शिळा चहा तो, कुजक्या पानांचा वास मारत होता. सगळा मोरीत ओतला. पट्ट्या गरम पाण्यात भिजवून सोडवल्या आणि बाटल्या कोंड्याने घासून, उकळून काढल्या. अशा लखलखीत निघाल्या की टाकवेनात, म्हणून यंदाच्या युझू लिंबांचा रस त्यांत भरला. त्यातल्या काही या पार्सलात आहेत. भाजलेल्या माशावर शिंपडायला होईल.

घासता घासता सेइगोला तोंडभर बोलून घेतलं. फार बरं वाटलं. तो गेल्यापासून त्याच्यावर ओरडायला काही निमित्तच मिळत नव्हतं.

तुम्हा दोघांचा तो लेख कधी छापून येणार? पहिल्या ओबोनला, गेलेली माणसं घरी येतात त्या सणाला, सेइगो येईल तेव्हा मला तो लेख देव्हाऱ्यासमोर ठेवायचा आहे. मला त्यातलं अक्षर कळणार नाही, पण त्याला कळेल. एवढी वर्षं त्यासाठी भिजला, आणि शेवटच्या वादळातही डोंगरावरून चिंब होऊन आला. डोकं दुखतंय म्हणून आडवा झाला, तो उठलाच नाही. मला बाकी काही नको, तेवढा लेख येऊ दे.

माया आटू देऊ नकोस.
तुझी सासू,
किनुए


क्योतो
३ डिसेंबर १९९३

ती. स्व. आईंना,
फुमिकाचा कृ. सा. न. वि. वि. पार्सल सुखरूप पोहोचलं. वाळवलेली फळं गोड आहेत, रसही उत्तम आहे. खोली आवरण्यात तुम्ही फार कष्ट घेतलेत, त्याबद्दल मनापासून आभारी आहे.

लेखाला मात्र उशीर होईल. परीक्षकांचं पत्र आलं आहे. लहान पुरांची मोजणी त्यांना पटली, पण एका मोठ्या पुराची हवी आहे. सेइगोने सप्टेंबरच्या वादळात जे नमुने घेतले होते, ते उपयोगी पडणार नाहीत. वीज जाऊन फ्रिज बंद पडला असावा, त्यामुळे खराब झाले. कुणाचा दोष नाही.

प्रयोगशाळेत काम बरंच आहे. नवीन वर्षाला येणं जमेल असं वाटत नाही. आपण प्रकृतीला जपावं. छत दुरुस्त झालं का?

आपली कृपा राहो, ही प्रार्थना.
आपली सून,
फुमिका


हिनोतानी
१४ जानेवारी १९९४

चि. फुमिकास,
आशीर्वाद. दुखवट्याचं वर्ष, तेव्हा शुभेच्छा द्यायच्या नाहीत. नवीन वर्षाची तांदळाची मोची मी एकटीपुरतीच भाजली. एक फुगून फुटली तेव्हा हसायला जवळ कुणी नव्हतं.

तुझं पत्र वाचून मला धडकीच भरली. एवढं गोड! आजवर तू मला कधी 'मनापासून आभारी' असल्याचं कळवलं नाहीस. पहिल्या वर्षी माझ्या मुळ्याच्या लोणच्याला खारट म्हणालीस, तीच माझी सून. आणि वीज कुठली गेली? मी फ्रिज उघडला तेव्हा तो चांगला घुरघुरत होता.

म्हणून ओगुरासानना गाठलं आणि सरळ विचारलं, त्या बाटल्यांत काय होतं? त्यांनी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, पाऊस झाल्यावर ओढ्याला असाच रंग येतो.

सेइगो पाणी जमवायचा हे मला ठाऊक होतं गं. पण माझ्या डोक्यात पाणी म्हणजे पाणी, नितळ. उन्हाळ्यात प्रत्येक घरच्या फ्रिजमध्ये तशाच बाटल्या असतात, त्यात तसाच रंग असतो. मी एकदाही थांबून विचार केला नाही. माझ्या मुलाचं शेवटचं काम मी मोरीत ओतलं, वर त्यालाच शिव्या घातल्या, आणि रिकाम्या बाटल्या भरून तुझ्या घरी पाठवल्या.

तू मला वाचवायला खोटं लिहिलंस. ते मला नको. मी म्हातारी आहे, पण काचेची नाही. नवीन वर्षाला तू आली नाहीस ती कामामुळे नाही, माझं तोंड बघवणार नाही म्हणून. मग तसं लिही. चार शब्द खरे लिही, मग वाटल्यास वर्षभर लिहू नकोस.

जे असेल ते सोसेन.
किनुए


क्योतो
६ फेब्रुवारी १९९४

ती. आईंना,
सा. न. वि. वि. खरं मागितलंत, तर खरं लिहिते.

पार्सल उघडलं आणि बाटल्या ओळखल्या. त्यांच्या गळ्याशी सेइगो कानशीने एक खूण घासायचा, इथपर्यंत भरायची म्हणून. पिवळा रस बरोबर त्या खुणेपर्यंत होता. मी एक बाटली बेसिनमध्ये ओतून दिली आणि जमिनीवर बसून रडले. तुमचा राग आला, आई. इतका, की तुम्हाला पत्र लिहायला घेतलं आणि चार वेळा फाडलं. मग माझाच आला. मीच जाऊन बाटल्या आणायला हव्या होत्या. मी पुलावरून मागे फिरले, आणि ते काम तुमच्यावर पडलं.

पाणी गेलं याचं मला आता तेवढं वाटत नाही. पट्ट्यांचं वाटतं. त्यांवर त्याचं अक्षर होतं, पावसात लिहिल्यामुळे वाकडंतिकडं झालेलं. घरात त्याची पुस्तकं आहेत, कोट आहे, पण त्याने शेवटी जे लिहिलं ते तिथे होतं. रोज संध्याकाळी प्रयोगशाळेतून परतताना मला त्याच्याशी भांडायची सवय आहे. ती अजून मोडलेली नाही. अर्ध्या वाटेवर येते, मग आठवतं.

आमचं काम काय होतं, ते तुम्ही कधी विचारलं नाहीत आणि त्याने कधी धड सांगितलं नाही. पाणी कुठून आलं हे तो सांगायचा, पाण्यात काय आलं हे मी. पानं कुजतात, त्यांचा अर्क मातीत उतरतो, तोच तो चहाचा रंग. मी त्यातली द्रव्यं वेगळी काढायची. पूर आला की आपल्याला वाटतं, आत्ता पडलेला पाऊस वाहतो आहे. सेइगोचं म्हणणं होतं की तसं नसतं. नवा पाऊस जमिनीत शिरतो आणि आधीपासून मुरलेल्या जुन्या पाण्याला बाहेर ढकलतो. पुरात वाहतं ते बरंचसं मागच्या पावसाचं, कधी मागच्या वर्षीचं पाणी. लहान पुरांत आम्ही ते दाखवलं. मोठ्या पुरातही तसंच होतं, असं त्याला म्हणायचं होतं. तेवढं आता म्हणता येणार नाही.

परीक्षकांना मी कळवलं की सप्टेंबरच्या पुराचे नमुने उपलब्ध नाहीत, आणि निष्कर्ष लहान केला. त्यांनी तो स्वीकारला. लेख जूनमध्ये येईल. पहिलं नाव त्याचं आहे.

उरलेला रस मी संपवला. खरंच चांगला होता. लोणचं मात्र अजूनही खारटच असतं.

रागावलेली असले तरी तुमचीच,
फुमिका


हिनोतानी
२१ जून १९९४

चि. फुमिकास,
पोटभर आशीर्वाद. लेख आला. पोस्टमनच्या हातून घेतला तो ओल्या हातांनीच, त्यामुळे कोपऱ्यावर माझा अंगठा उमटला आहे. सेइगो म्हणेल, आईने हेही सोडलं नाही.

तू पेन्सिलीने खूण केली होतीस म्हणून त्याचं नाव सापडलं. आता खुणेशिवायही सापडतं. त्या नावाच्या खांद्यावर बारीकसा क्रूस आहे. लेखक हयात नसला की तो घालतात, हे मला ओगुरासाननी सांगितलं. त्यांच्याकडून सगळा लेख वाचून घेतला. नमुने उपलब्ध नाहीत ती ओळ कुठे आहे, तेही विचारून घेतलं. ओळ लहान आहे. मी तिच्यावर बोट ठेवून बसते. परीक्षकांना तू माझं नाव सांगायला हवं होतंस. माझ्या मुलाच्या लेखात तेवढी एकच ओळ माझी आहे.

ओबोनची वाट न बघता तो आजच देव्हाऱ्यासमोर ठेवला. भात वाढला, धूप लावला आणि मोठ्याने म्हटलं, छापून आलं बाबा. उत्तर यायचं नव्हतं, हे माहीत असून थोडी थांबले. तुझ्यासारखीच माझीही सवय मोडलेली नाही.

आता जे सांगायला बसले ते सांगते. पावसाळा सुरू झाला आहे. कालपासून धो धो पडला आणि आज सकाळी ओढा चहाच्या रंगाचा झाला. मी ओगुरासानना विचारलं, यात गेल्या सप्टेंबरचा पाऊस असेल का? ते म्हणाले, सेइगोसानचं खरं मानलं तर थोडाफार असणारच. त्याचं खरं मानायचं नाही, तर कुणाचं मानायचं? म्हणजे तो ज्या पावसात भिजला, तो सगळा काही मी मोरीत ओतला नाही. डोंगरात बराच उरला आहे, आणि त्याच्या सवडीने उतरतो आहे.

मी काठाशी बसून त्यात हात घातला. गार होतं. एवढा वेळ बसले की ओगुरासान छत्री घेऊन शोधायला आले.

हे पत्र पोहोचेपर्यंत ओढा निवळलेला असेल, पण पाऊस अजून महिनाभर आहे, पुन्हा गढूळ होईल. तू ये. पूल मी तुझ्याबरोबर ओलांडीन. बाटल्या तूच आण, तूच भर, पट्ट्याही तुझ्याच अक्षरात लाव. मी काठावर बसून त्याची वाट बघेन.

तुझी,
आई