आईचं नाव सांगणारा मित्र

प्रिय शाझली,

तुला सलाम. पुढचं वाचण्याआधी एवढं कळू दे, की तुझा लेक हातिम जिवंत आहे आणि आत्ता माझ्या अंगणात मामीबरोबर बाकळ्याच्या शेंगा सोलत बसला आहे. पण धोका टळलेला नाही. हे मुद्दाम पहिल्या ओळींतच लिहितो, नाहीतर तू अर्ध्यावरच उठून चपला शोधायला लागशील. उठू नकोस. खोलीतल्या सोबत्यांना बाहेर जाऊ दे, दार लावून घे आणि शेवटपर्यंत वाच. शेजारचा इसाम सुट्टी संपवून उद्या कुवेतला निघतोय, त्याच्या हाती हे पत्र देतोय. फोनवर तू मला कधी वाक्य पुरं करू दिलं आहेस?

इकडे ऊसतोड जोरात चालू आहे. मी अजून तीच कारखान्याची उसाची छोटी रेल्वेगाडी चालवतो. इंजिन माझ्यासारखंच खोकतं, पण पोचतं. कालव्याला पाणी आहे. हातिम तू गेलास तेव्हापेक्षा हातभर उंच झालाय, आवाज फुटलाय, ओठावर लव आली आहे. त्याची आई म्हणते, मागून पाहिलं तर तूच चालल्यासारखं वाटतं. गेल्या ईदला तू त्याला फोन पाठवलास तेव्हा तो आठवडाभर हवेत होता. फोन पाठवलास म्हणून हे झालं, असं मी म्हणत नाही. फोन नसता तर वर्गातल्या मुलांनी त्याला माणसात धरलं नसतं. आपल्या वेळी ज्याच्याकडे गोट्या नसत, त्याला आपण तरी कुठे धरत होतो?

हिवाळ्यात तो बदलला. फुटबॉल सोडला. जेवताना फोन मांडीखाली पालथा घालून बसायचा, आणि तो थरथरला की याचा घास तोंडातच राहायचा. माझी बहीण म्हणाली, परीक्षेचं असेल. मलाही तेच वाटलं. आपल्या लहानपणी मुलाला जपायचं म्हणजे काय होतं? कालव्यात उतरू देऊ नका, विंचवाच्या दिवसांत अनवाणी सोडू नका, दोन घराण्यांत वैर पेटलं की त्या गल्लीतून पाठवू नका. मूल घरात आलं, दार लागलं, की आया निर्धास्त व्हायच्या. हातिम घरात होता, दार लागलेलं होतं, आई दोन हातांच्या अंतरावर भाकऱ्या थापत होती, आणि तिथेच त्याला कुणीतरी गाठलं होतं.

मला कळलं ते असं. गाडी भरून कारखान्याकडे निघालो होतो. फाटकाजवळ नेहमीप्रमाणे पोरं डब्यांना लटकून ऊस ओढत होती आणि मी नेहमीप्रमाणे ओरडत होतो. त्यांच्यातला एक चोंबडा माझ्या इंजिनाबरोबर धावत म्हणाला, "ओ दरदीर काका, आम्हाला शिव्या घालता, आणि तुमचा भाचा तिकडे शेवटच्या डब्यावर राजासारखा बसलाय, त्याला काय नाही!" मी म्हटलं, "तोही चोरच. उतरव त्याला." पोरगं म्हणालं, "चोर कसला, उसाला हातसुद्धा लावत नाही. आजारी आहे का तो?" शाझली, त्या वाक्याने माझा हात आपोआप ब्रेकवर गेला. उसाच्या ढिगावर बसून ऊस न खाणारं पोर मी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. मागे गेलो. तो शाळेचं दप्तर पोटाशी धरून बसला होता. दप्तरात वह्या नव्हत्या, एक सदरा आणि भाकरी होती. मी विचारलं, "कुठे निघालास?" तो म्हणाला, "कारखान्यापर्यंत." "आणि तिथून?" तर म्हणाला, "स्टेशनावर. कैरोला." मी म्हटलं, "कैरोत कोण आहे तुझं?" त्यावर तो असा रडायला लागला, की लटकलेली पोरं आपणहून खाली उतरली आणि हातातले ऊस टाकून बाजूला उभी राहिली.

मी त्याला पुढे इंजिनात घेतलं. तिथे दोघांचं तोंड समोर रुळाकडे असतं, एकमेकांकडे पाहावं लागत नाही. त्या आवाजात त्याने सगळं सांगितलं. फोनवरच्या खेळात भेटलेला एक मुलगा होता, करीम नावाचा. कैरोचा, याच्याच वयाचा. महिनोन्महिने दोघं एका बाजूने खेळले. सुरुवातीला हातिम सावध होता, तुझा मुलगा मूर्ख नाही. आपला पत्ता त्याने दिला नव्हता, शाळेचं नाव सांगितलं नव्हतं. मग एक दिवस करीमने त्याला आपल्या आईचं नाव सांगितलं.

बाकी कुणाला मला हे समजावून सांगावं लागलं असतं, तुला नाही. आठवतं ना, आपल्या मदरशात कुणाच्या आईचं नाव फुटलं तर तो पोरगा आठवडाभर तोंड लपवायचा? रेशनच्या दुकानात कारकुनाने तुझ्या आईचं नाव मोठ्याने वाचलं, मागे उभ्या पोरांनी ते ऐकलं, आणि तू दोघांचे दात हलवलेस. त्यानंतर कालव्याच्या भिंतीवर बसून तू आपणहून मला ते नाव सांगितलंस आणि मी माझ्या आईचं सांगितलं. तेव्हापासून आपण भाऊ. आपल्याकडच्या पोराला याहून मोठी शपथ माहीत नाही. हातिम मला म्हणाला, "मामा, कुणी आपल्या आईच्या नावाबद्दल खोटं बोलेल का?" म्हणून त्यानेही त्याच्या आईचं नाव सांगितलं. मग शाळा सांगितली, वर्ग सांगितला, वर्गातल्या मुलांच्या फोनवरच्या गटातही त्याला घेतलं. शेवटी, दोघंही पाठवू, दोघांतच राहील असं ठरवून, त्याने स्वतःचा असा एक फोटो पाठवला जो पाठवायचा नसतो. दुसऱ्या दिवशी करीमची भाषा बदलली. रोज एक नवा फोटो हवा, नाहीतर हा पहिला सगळ्यांना जाईल, आईच्या नावासकट. हातिमने रडून हातापाया पडल्यावर तो म्हणाला, बरं, कैरोला ये, स्टेशनाबाहेर भेट, तुझ्यादेखत पुसून टाकतो. माझा भाचा त्याच्याकडे निघाला होता, शाझली. भाकरी बांधून.

मी गाडी कारखान्यात लावली, मुकादमाला म्हटलं की माझ्या पोटात दुखतंय, आणि हातिमला घेऊन तसाच शहरातल्या मोठ्या ठाण्यात गेलो. फोनवरचे गुन्हे पाहणारी तिथली अधिकारी म्हणजे एक तरुण बाई होती. तिने आधी मलाच विचारलं, "मारलंत का याला?" मी म्हटलं, "नाही." "मारणार आहात का?" "नाही, बाई." "मग बसा. इथे बरेच जण मुलाला आधी बडवून आणतात, मग ते मूल मला काही सांगत नाही." नंतर हातिमकडे वळून म्हणाली, "बाळा, हा करीम म्हणजे मुलगा नाही. मोठा बाप्या आहे, आणि असल्या सगळ्यांना हेच येतं. तू त्याला फसवलं नाहीस, त्याने तुला फसवलं. एकही फोटो पाठवायचा नाही, उत्तर द्यायचं नाही, काही पुसायचं नाही. सगळं मला हवंय." तिने तक्रार लिहून घेतली. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "आता काही दिवस याला एकटं सोडू नका. अंघोळीला गेला तरी दाराबाहेर कुणीतरी बोलत राहा." मी त्या बाईला मनापासून दुवा दिला. पण मशिदीत बसलो तेव्हा मुलासाठी काय मागायचं हेच मला सुचेना. दृष्टीपासून वाचव, पाण्यापासून वाचव, हे मागायची जिभेला सवय आहे. या गोष्टीला माझ्याकडे शब्दच नव्हता. शेवटी म्हटलं, या अल्ला, तू जाणतोस.

त्याच्या आईला मीच सांगितलं. ती तव्यासमोर बसली होती. भाकरी जळाली तरी उलटली नाही. हातिम दाराशी उभा होता. ती त्याला म्हणाली, "इकडे ये. ही जळकी तू खा, मला दात नाहीत." आणि त्याला शेजारी ओढून घेतलं. तिचे सगळे दात शाबूत आहेत, तुला माहीतच आहे. दोनच दिवसांत त्या माणसाने उत्तर मिळेना म्हणून वर्गाच्या गटात तिचं नाव टाकलं, खाली घाणेरडं काहीबाही लिहून. सकाळी शाळेच्या फाटकाशी पोरं तिच्या नावाचा घोष करत उभी होती. हातिम पाऊल टाकेना. तेव्हा तुझी बायको, जी बाजारातसुद्धा पदर दातात धरून चालते, दुधाची बरणी डोक्यावर घेऊन त्या पोरांसमोर जाऊन उभी राहिली. म्हणाली, "हो, हेच माझं नाव. माझ्या बापाने ठेवलंय, चोरून आणलेलं नाही. अजून मोठ्याने म्हणा, मला कमी ऐकू येतं." मग एकेकाकडे बोट दाखवून म्हणाली, "तुझ्या आईला मी बाळंतपणात शिरा करून घातलाय. तुझ्या आईलाही. त्यांची नावं सांगू का?" सगळी पळाली. एक मात्र मागे राहिला, तो गाडीबरोबर धावलेला चोंबडा. त्याने हातिमचं दप्तर उचललं आणि म्हणाला, "चल रे, पहिला तास गणिताचा आहे, मेलो." ते नाव मात्र मी इथे लिहीत नाही. सवय जात नाही बघ.

मला वाटलं होतं, आता सुटलो. त्या माणसाकडे एकच हत्यार उरलं होतं आणि फोटो गटात टाकला तर आपण पकडले जाऊ, हे त्यालाही कळत असावं. पण तो गप्प बसला नाही. रविवारी हातिमच्या फोनवर त्याने एक स्क्रीनशॉट पाठवला. मी तो पाहिला, ठाण्यातल्या बाईंनीही पाहिला. तेव्हापासून पोराने जेवण सोडलं. माझी बहीण रोज फोन लावते, तो वाजून वाजून बंद होतो, आणि ती हातिमला सांगते की बाबा कामावर असतील. तो मान हलवतो. शाळा सुटली की मी त्याला इंजिनात बसवून नेतो. कालव्याच्या पुलावर गाडी हळू करावी लागते, तेव्हा मी एका हाताने त्याचा सदरा धरून ठेवतो. तो म्हणतो, "मामा, सोड, मी काही करत नाही." मी सोडत नाही.

त्या स्क्रीनशॉटमध्ये तुझा नंबर होता, मैत्रीच्या दिवसांत हातिमनेच त्याला दिलेला. त्याने तो फोटो तुला पाठवला आहे आणि खाली दोन निळ्या खुणा आहेत. तू तो पाहिलास, हे हातिमला माहीत आहे. त्या दिवसापासून तू कुणाचाच फोन उचललेला नाहीस. तुला राग आला असेल, लाज वाटली असेल, किंवा इतक्या लांब बसून काय करावं तेच कळलं नसेल. मी तुला जाब विचारत नाही. तुला फक्त फोटो दिसला. तो तिथवर कसा पोचला हे तुला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून हे पत्र. तो तुझ्या फोनवरून पुसू नकोस, बाईंना लागेल, पण पुन्हा उघडूही नकोस. मला उत्तर लिहू नकोस. हातिमला फोन कर, त्याच्याच नंबरावर. काल पुलावर त्याने विचारलं, "मामा, बाबांनी माझा नंबर काढून टाकला असेल का?" मी म्हटलं, नाही. म्हटलं, तुझा बाप तुला फोन करणार आहे. मी तुझ्या वतीने शब्द दिलाय, शाझली, तुला न विचारता. इसाम शुक्रवारी दुपारी पोचेल. मी पोराला शुक्रवारपर्यंत धरून ठेवतो.

तुझाच,
दरदीर