तुला शिळी आवडायची म्हणे

माय, तुला शिळी भाकरी आवडायची, असं काल आखाजीला आपल्या घरात एकमताने ठरलं. मी अक्कलकुव्याहून सकाळच्या एस.टी.ने पोहोचले तेव्हा पितरांची घागर पुजून झाली होती. दादाने अंगणात गोवरीचा निखारा फुलवून त्यावर तूप सोडलं होतं आणि गेलेल्यांच्या नावाने एकेक घास त्या आगारीत पडत होता. बाबांच्या नावाने पुरणपोळीचा घास पडला, नुकत्याच तव्यावरून उतरलेल्या पोळीचा, वर आमरस. मग तुझी पाळी आली. दादा स्वयंपाकघराकडे तोंड करून सुनेला म्हणाला, "मायना घासले शिळी भाकर आन वं, दुरडीमाईन. तिले शिळीच आवडे." वहिनीनेही मान डोलावली. म्हणाली, "त्यास्नी ताजी कधी खादीच नही." हे बोलताना दादाच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तेच मला सहन झालं नाही. कोणी तुझा अपमान केला असता तर सरळ भांडता आलं असतं. इथे तर सगळे मिळून तुझी आवड जपत होते.

ही आवड कुठून आली ते मला माहीत आहे, कारण मी तिथेच बसले होते. माझ्या लहानपणीचे, कापूस वेचणीचे दिवस आहेत. तू दादर ज्वारीच्या भाकरी थापते आहेस आणि मी चुलीपाशी घुटमळते आहे. तव्यावरची भाकरी तू निखाऱ्यावर फुगवतेस, क्षणभर चुलीच्या कडेला उभी करतेस, मग दुरडीत मोकळी पसरतेस. गरम भाकरी एकावर एक रचली की वाफ कोंडते आणि दुसऱ्या दिवशी आंबूस लागते, हे तू मला तेव्हाच शिकवलंस. पीठ कढत पाण्यात मळायचं, म्हणजे कडा ताठत नाहीत. पूर्ण निवली की बाबांच्या जुन्या धोतराच्या धुवट फडक्यात गुंडाळायची, वरून आणखी एक कोरडं फडकं, आणि दुरडी शिंक्यावर, वारा लागेल अशी. मी गरम भाकरीकडे हात नेला तर तू तो उलथण्याने बाजूला सारलास. "आधी गडीसले. आपली कालनी शे." गडी म्हणजे बाबा आणि दादा.

त्या दिवशी तुझ्याकडून चूक झाली. कालच्या भाकरी तुझ्या हातच्या रीतीने इतक्या मऊ राहिल्या होत्या की घाईत त्यातलीच एक बाबांच्या ताटात गेली. बाबांनी तुकडा मोडला आणि हात थांबवला. "मन्हा ताटमा शिळी कोनी टाकी?" आवाज फार चढला नव्हता, पण मी भिंतीला चिकटून बसले. तू पुढे वाकलीस, ताटातली भाकरी उचललीस आणि हसून म्हणालीस, "ऱ्हाऊ द्या, ती मन्ही शे. माले शिळीच आवडस." बाबांचा राग उतरला. "हिनं न्यारंच शे," म्हणाले आणि गरम भाकरीची वाट बघत बसले. झालं. एका माणसाला शांत करायला बोललेलं ते वाक्य जन्मभर तुझ्या गळ्यात पडलं. दादाही तेव्हा बाबांच्या शेजारीच जेवत होता, पण त्याला त्यातली फक्त तुझी आवड तेवढी आठवते.

मला संताप येतो तो याचा, माय, की पुढे कोणी म्हणून कोणी ते वाक्य तपासून पाहिलं नाही. रोज दोन-चार भाकरी उरायच्या, त्या तुझ्या. कधी उरल्या नाहीत तर घरात ताज्या असूनही तू म्हणायचीस की आज भूक नाही. आणि वर तुझ्या दुरडीचं गावभर कौतुक. फडकं कसलं वापरतेस, शिंकं कुठे टांगतेस, हे विचारायला केळीच्या बागेत जाणाऱ्या बायकासुद्धा दारात थांबायच्या. त्यांनाही शिळीच खावी लागायची म्हणून त्या विचारत होत्या, हे ओट्यावर बसलेल्या एकाही पुरुषाच्या डोक्यात आलं नाही. ज्याच्या ताटात रोज गरम पडते, तो भाकरी टिकवायची विद्या कशाला शिकेल? दादा अजून अभिमानाने सांगतो की आमच्या मायची भाकरी तिसऱ्या दिवशीही मऊ. तिसऱ्या दिवशी ती खात कोण होतं, ते मात्र तो सांगत नाही.

तर काल. दादाची सून दुरडी घेऊन दारात आली. गेल्या वर्षीच लग्न होऊन आलेली पोर. भाकरी काढताना हळूच मला म्हणाली, "फुई, हाई मन्हासाठे ठेयेल व्हती." मी विचारलं, "तुले शिळी आवडस का?" तिने आधी वहिनीकडे पाहिलं, मग म्हणाली, "हा, माले चालस."

माझं डोकंच फिरलं. भाकरी तिच्या हातातून घेतली आणि अंगणात जाऊन दादाला म्हटलं, "मायले गरम पोळी टाक." तो गोंधळला. "आसं काय करस वं बाई? तिनी आवड व्हती." मी म्हटलं, "आवड नव्हती, दादा. बाबा रागे भरनात म्हनीन ती तसं बोलनी. तू बी तठेच बसेल व्हता." वहिनी तेवढ्यात आतून म्हणाली, "मंग हाई शिळी कोन खाई?" खरा प्रश्न तोच होता आणि तो आपल्या घरात पहिल्यांदाच कोणीतरी मोठ्याने विचारला. मी म्हटलं, "मी." मग दादा स्वतः उठून चुलीपाशी गेला, तव्यावरची पोळी हाताने उचलली, बोटं भाजली तरी टाकली नाही. घास मोडून आगारीत ठेवला आणि म्हणाला, "ले माय, गरम शे." सुनेलाही मी पाटावर बसवून गरम पोळी वाढली. मोडायच्या आधी तिने पुन्हा वहिनीकडे पाहिलंच. वहिनीने तुपाची वाटी तिच्याकडे सरकवली.

मग मी ती शिळी भाकरी घेऊन ओट्यावर बसले. वरून तेल आणि लाल तिखट घेतलं होतं. घासागणिक चिडायचं असं ठरवूनच बसले होते. पण कबूल करते, माय, भाकरी मऊ होती, आणि तेल-तिखट तिच्यात असं मुरलं की गरम भाकरीत मुरत नाही. सगळी खाल्ली. वर, कोणी बघत नाही असं पाहून, दुरडीत आणखी एखादी आहे का तेही चाचपलं.

हे लिहून आगारीत टाकायचं माझ्या मनात होतं, म्हणजे तुझ्यापर्यंत पोहोचलं असतं. आता टाकणार नाही. मलाही शिळी आवडली हे शेवटचं वाचलंस तर तू लगेच हसून म्हणशील, "मी सांगे ना," आणि एवढं भांडून तुला मिळवून दिलेली ती गरम पोळी उचलून पुन्हा बाबांच्या ताटात वाढशील.