हिरवा चुडा आणि मणक्याचं ऑपरेशन

२ सप्टेंबर, सकाळ
सानिका म्हणाली, आजी, तू नुसती बोल, मोबाईल लिहितो. मला अक्षरं शिकवायचा नाद सोडला नातीने आणि हे मशीन गळ्यात मारलं. बरंच झालं. मला वाचता येत नाही, म्हणजे माझं बोललेलं मीसुद्धा वाचणार नाही.
कंबर ठीक. डावा पाय अधूनमधून झोपतो. त्याचंही वय झालंय.
ठरवलं: उद्यापासून मासळीची पाटी अर्धीच भरायची.

५ सप्टेंबर
पाटी पूर्ण भरली. बांगडा स्वस्त होता, मी काय करू?

११ सप्टेंबर
लेकाने, रूपेशने, हट्टाने डॉक्टरकडे नेलं. पोरगेलासा डॉक्टर. फोटो उजेडावर धरून म्हणाला, मणक्यातली चकती सरकलीय, नस दाबतेय. ऑपरेशन केलं नाहीत तर पाय लुळा पडेल. मी विचारलं, लग्न झालं का तुझं? लाजला.
लेकाला सांगितलं, नवरात्र होऊ दे, मग नक्की.

४ ऑक्टोबर
नवरात्र झालं. सिस्टरने समजावलं, उपाशी यायचं, मंगळसूत्र, बांगड्या सगळं उतरवून. म्हटलं, कंबर कापणार तुम्ही, हातांनी काय केलं? नियम आहे म्हणाली.
मंगळसूत्र एक वेळ काढेन, परत घालेन. चुडा उतरत नाही, सांधे सुजलेत. आपल्या हाताने फोडावा लागेल.
यांची होडी पूर्णगडच्या खडकात सापडली, त्याला हा तिसरा हंगाम. हे सापडले नाहीत. लोक म्हणतात, दिवस घाल. माझा चष्मा रोज सापडत नाही, त्याचे दिवस घालते का मी? हे पोहण्यात पटाईत. एखाद्या जहाजाने उचललं असेल, मस्कतला उतरवलं असेल. फोन नंबर यांना कधी पाठ नव्हता.
बाजारात माझ्या शेजारी बसते ती कुलसुम, तिचा लेक तन्वीर मस्कतला आहे. त्याला सांगून ठेवलंय. उंच माणूस, डाव्या कानाला भोक, विडी मागेल.

९ ऑक्टोबर
ऑपरेशन पुढे ढकललं. रूपेशला सांगितलं, हंगाम जोरात आहे.

२० ऑक्टोबर
निर्गुडीच्या पाल्याने शेकते. पाय सुधारलाय. आज डावी चप्पल कधी सुटली ते कळलं नाही, एवढंच. घरापर्यंत एका चपलेत आले.
कुलसुम चिडली. "ठमे, तुझा माणूस आला आणि तू अंथरुणात पडलेली असलीस, तर तो चुडा बघेल की तुला?"
म्हटलं, आले की त्यांनाच विचारते.

७ नोव्हेंबर
तन्वीरशी फोनवर बोलले. शोधतोय म्हणाला. गुणी पोर. खोटं बोलायच्या आधी घसा खाकरतो, लहानपणापासूनची खोड. आज खाकरला. तिकडे धूळ असेल.

१४ नोव्हेंबर
जेटीवर पाय गेला. पाटीसकट पडले. मासळी सगळी वाचली. हातात एक बांगडी राहिली नाही.
पाटी तशीच ठेवून कुलसुम काचा वेचत बसली. म्हणाली, "वाढल्या गो." आमच्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. मुसलमानाची बाई, पण माझ्यासाठी शब्द आमचा काढला.
मीच म्हटलं, फुटल्या.
संध्याकाळी सून विचारत होती, कासाराला बोलावू का. म्हटलं, आधी ऑपरेशन उरकू. आज भरायच्या आणि चार दिवसांनी काढायच्या, कशाला?

१८ नोव्हेंबर, सकाळ
उपाशी. मंगळसूत्र रुमालात बांधून सानिकाकडे दिलंय. सिस्टर आली, हातातलं काढा म्हणाली. दोन्ही हात पुढे केले. बघितलं, बरं म्हणाली, पुढच्या खाटेकडे गेली.
कुलसुमला निरोप दिलाय. तन्वीरला सांग म्हटलं, आता विडी मागणाऱ्यांची तोंडं बघत फिरू नको.