पाढ्यांच्या चालीवर इंग्रजी

सोमवार, ६ जानेवारी
शाळा सुटल्यावर मीटिंग. फेब्रुवारीत प्रत्येकीचा डेमो लेसन. मुंबईहून ट्रेनिंगवाल्या मॅडम येणार, मागच्या बाकावर बसून आपलं इंग्रजी ऐकणार. प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या, "उच्चारांबद्दल पालकांच्या तक्रारी आहेत." बोलताना नजर सगळ्यांवरून फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली. ज्यांचं जमणार नाही त्यांना जूनपासून वर्ग नाही. ऑफिसात बसून दाखले लिहायचे.

सतरा वर्षं पहिलीचा वर्ग घेतेय. तीन वर्षांपूर्वी शाळा मराठीची इंग्रजी झाली. बोर्ड नवा लागला, बाया जुन्याच राहिल्या. 'बाई'ची 'टीचर' झाले एवढंच.

घरी बोलले नाही. भाजी करपली.

गुरुवार, ९ जाने.
फोनवर स्वतःला रेकॉर्ड करून ऐकलं. 'गुड मॉर्निंग चिल्ड्रन, टुडे वुई विल लर्न...' पुढे ऐकवेना. ही कोण बाई? बाजारात भाव सांगतेय असं वाटतं. सगळे शब्द एकाच उंचीचे.

पुसून टाकलं. मग वाटलं, पुसून काय होणार.

शनिवार, ११ जाने.
अडला हरी. लेकीचे पाय धरले. निधी अकरावीत आहे, फाडफाड बोलते. म्हणाली, "आई, झेड म्हणू नकोस, झी पण म्हणू नकोस, आधी तो झ सोड. आणि व म्हणताना ओठ कुठेयत तुझे?" ओठ जिथे असतात तिथेच आहेत, म्हटलं. हसली. मग माझा चेहरा बघून तिने हसू आवरलं, ते जास्त लागलं.

रोज स्वयंपाक करताना वीस मिनिटं. नि. ओट्यावर बसून ऐकणार.

मंगळवार, १४ जाने.
संक्रांत. वर्गात तिळगूळ. "गोड बोला" ऐकून ऐकून कान किटले. गोड कोण मागतंय, नीट बोलता आलं तर पुरे.

शुक्रवार, १७ जाने.
शेख मॅडमना सांगितलं. दुसरीचा वर्ग त्यांचा, शेजारचा. जराही हसल्या नाहीत. डबा खाताना म्हणाल्या, "ज़िंदगी म्हण." म्हटलं. "झिंदगी नाही गं. किती जड करतेस. जीभ दाताजवळ आण पण चिकटवू नकोस, मधमाशी जाऊ दे मधून." त्यांना घरी उर्दू होती म्हणून हा अक्षराचा तुकडा फुकटात मिळाला. मला मिळाला नाही. माझ्या घरी तर 'ह'सुद्धा अर्धा गिळलेला.

डी.एड.ला होते तेव्हा मी 'आमी' म्हटलं की मागून खसखस पिकायची. सहा महिन्यांत 'आम्ही' केलं, 'नाय'चं 'नाही' केलं. वाटलं होतं, झालं आता, जीभ सुधारली. चाळिशी ओलांडल्यावर पुन्हा तेच. आता थकते मी लवकर.

रविवार, १९ जाने.
ओवे गावाला गेले होते, आईकडे. भाकरी थापता थापता तोंडातल्या तोंडात चालू होतं माझं, फ, फ, व, व. आई बघत राहिली. "काय गो, काय पुटपुटतेस?" सांगितलं सगळं. ती म्हणाली, "जीभ हाय ती, बैल नाय. किती हाणशील तिला?" मग भाकरी उलटत, "आमी तुला शिकवली ती काय वाईट व्हती?"

मी पुढचा गोळा थापायला घेतला. उत्तर द्यायला हवं होतं.

सोमवार, २७ जाने.
आज 'झू'च्या जागी पहिल्यांदा आला तो मधमाशीचा आवाज. कुकरच्या शिट्टीशेजारी. नि.ने टाळी दिली. पाच मिनिटांनी परत गेला.

नि. म्हणते वर्गातही असंच बोल, नाहीतर सवय कशी होणार. नाही बोलले. तीन वर्षं एक शिकवलं आणि एका सोमवारी अचानक दुसरं? मुलं घरी जाऊन सांगतील, टीचर आता वेगळंच म्हणतात. पालक काय ते समजतील. लाज वाटते. वर्गात जुनंच चालू ठेवलंय. आधी घरी पक्कं होऊ दे.

रवि., २ फेब्रु.
ह्यांनी आज यार्डातली ड्युटी करून आल्यावर विचारलं, "एवढं कशाला? ऑफिसात बसलीस तर पायांना आराम." ह्यांचं मन चांगलं आहे, म्हणून तर राग काढताही येत नाही. वर्ग गेला तर माझं काय उरतं ते ह्यांना कसं सांगू? जूनमध्ये रडत आलेलं पोर दिवाळीपर्यंत आपला हात धरून वाचायला लागतं. दाखल्यावर सही केल्याने असं काही होत नाही.

शनि., ८ फेब्रु.
नि.ने पूर्ण लेसन ऐकला. 'अॅनिमल्स इन द झू'. एकदा अडखळले. म्हणाली, "आई, खरंच छान." खोटं बोलत नव्हती, मला तिचं खोटं कळतं. आजचा दिवस बरा. नोंद करून ठेवते, असे कमी आहेत.

गुरु., १३ फेब्रु.
डेमो झाला.

सुरुवात चांगली. आवाज कापला नाही. ट्रेनिंगवाल्या मॅडमनी मान हलवलेली मी पाहिली. मग झेब्र्याचं चित्र लावलं, हवा तसाच उच्चार केला, आणि सवयीने म्हटलं, रिपीट आफ्टर मी.

अडतीस मुलं एका सुरात, "झेऽऽब्राऽऽ". पाढ्यांच्या चालीवर. बे एके बे, बे दुणे चार. ही चाल मीच लावलीय. सतरा वर्षं पाढे, कविता, वार, महिने, सगळं मी ह्याच चालीवर पाठ करून घेते. पोरं विसरत नाहीत. इंग्रजी आलं तेव्हा तेही ह्याच चालीवर घातलं, दुसरं काही येतच नव्हतं मला.

मी पुन्हा म्हटलं, हळू, नीट. मुलांना वाटलं आवाज कमी पडला. दुप्पट जोरात झेऽऽब्राऽऽ. तिसऱ्यांदा म्हटलं. तेव्हा ईश्वरी उभी राहिली. पहिल्या बाकावरची, सगळ्यांत हुशार. मला मदत करावी म्हणून म्हणाली, "टीचर, तुमचं चुकतंय. झेब्रा. तुम्हीच शिकवलंय."

मी 'सिट डाऊन' म्हटलं. तेही जुन्याच उच्चारात म्हटलं गेलं.

शेवटी त्या मॅडमनी विचारलं, मराठीत, अगदी सौम्यपणे, "ही चाल कोणाची?" माझी, म्हटलं. त्यांनी लिहून घेतलं.

शुक्र., १४ फेब्रु.
आडात नाही तर पोहऱ्यात कुठून, असं म्हणतात. माझ्या आडात कसंबसं आलं, पण पोहरे तीन वर्षांपूर्वीच भरून घरोघर गेलेत. तीन वर्षांची पहिली. शंभराच्या वर मुलं. सगळ्यांच्या तोंडात माझं तोंड.

मी सव्वा महिना स्वतःला वाचवत बसले. एक दिवस वर्गात बोलले असते तर... लाज सांभाळली. ती तरी कुठे सांभाळली गेली.

शेख मॅडमनी त्यांचा डबा पुढे केला. जेवले नाही.

रवि., १६ फेब्रु.
काही केलं नाही. नि. ओट्यावर येऊन बसली, म्हटलं आज नको.

सोम., १७ फेब्रु.
आज वर्गात सांगून टाकलं. मराठीत. "मुलांनो, मी काही शब्द तुम्हाला चुकीचे शिकवले. ईश्वरी बरोबर म्हणाली, मीच शिकवले होते. आता आपण सगळे मिळून परत शिकू." वाटलं हसतील. कुणी हसलं नाही. एकाने विचारलं, जुना झेब्रा वहीतून खोडायचा का. नाही, चित्र तेच आहे, म्हटलं. मग चाल न लावता एकेकाकडून म्हणून घेतलं. अडतीस जणांत तीन शब्द झाले. निम्मे अजून झ वरच. ईश्वरी मात्र तोंडच उघडेना. डोळे भरलेले.

सुटताना तिची आई फाटकाशी भेटली. मॉलमध्ये कपड्यांच्या काउंटरवर लागलीय दिवाळीपासून, युनिफॉर्मवरच होती. म्हणाली, "टीचर, तुमचे आभार मानायचे व्हते. मी सातवी शिकलेय, मराठीत. ही रोज तुमचा वर्ग घरी भरवते आणि मला बसवते. आमी दोघी चालीवर म्हणतो. त्याच्यावरच गिऱ्हाइकांशी बोलते मी."

ईश्वरी खाली बघत होती. आज वर्गात झालेलं तिने आईला सांगितलं नव्हतं, आणि आईलाही आपण चुकीचंच शिकवलं म्हणून ती वर्गात रडत होती, ते मला तेव्हा कळलं.

वर्गात अडतीस जणांसमोर सांगता आलं होतं, इथे एकीसमोर जमेना. तरी सांगितलं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं ते मी पाहिलं. म्हणाली, "म्हणजे मी तिथे सगळं चुकीचं बोलते?" सगळं नाही, म्हटलं. पण बरंच. "आणि ते मला कुणी सांगितलं पन नाय."

मग विचारलं, उद्या सुट्टी आहे का. आठवड्याची सुट्टी मंगळवारीच, म्हणाली. म्हटलं, मग सकाळी या वर्गात, मागच्या बाकावर बसा. मीही शिकतेय अजून, मलाही सगळं येत नाही. तिने ईश्वरीकडे पाहिलं. ईश्वरीने मान हलवली. येते म्हणाली.

वर गेले तर शिपायाने निरोप दिला. उद्या अकरा वाजता ऑफिसात बोलावलंय, निकाल सांगायला.

शाळा साडेसातला भरते. अकरापर्यंत तरी वर्ग माझाच आहे.