ताईने ठरवलेले चार दिवस

५ ऑक्टो., रवि.

ताईचा फोन. जूननंतर पहिल्यांदाच खरा आवाज, एरवी नुसतं व्हॉट्सॲपवर हात जोडलेले आणि फुलं. तिच्या मिशिगनमध्ये, ट्रॉयला, थंडी पडायला लागली म्हणे. मग एकदम,
"मेधा, आपण दोघी कुठं तरी जाऊ. तुमच्याच कॅलिफोर्नियात वाळवंटात गरम पाण्याचे झरे आहेत. चार दिवस. नवरे नाही, पोरं नाही. तिथं कोणी बोलत पण नाही. एकदम शांत."
मी म्हटलं, बघते.
का म्हटलं बघते? चार महिने मनात 'नाही' घोकतेय. आणि ती विचारते तेव्हा तोंडातून काय निघतं, बघते.

७ ऑक्टो., मंगळ.

रिसॉर्टची लिंक आली. लंचला वाचली. एकवीस वर्षांच्या खाली प्रवेश नाही. पोचल्या पोचल्या फोन काउंटरवर जमा. सकाळी दहापर्यंत मौन, नंतरही आवाज हळू. फोटोत पांढरे झगे घातलेली माणसं, सगळी डोळे मिटून.

नवऱ्याला दाखवलं. समीर लॅपटॉपवरून मान वर न करता, "जा ना यार. दोघी बोलाल तरी."
"काय बोलणार?"
"जे काय असेल ते."

जे काय असेल ते. लिहूनच ठेवते, म्हणजे ऐन वेळी फाफलणार नाही.
जून. बाबा नागपूरला ॲडमिट. ताईकडे अमेरिकन पासपोर्ट, ती दुसऱ्या दिवशी तिथं हजर. माझ्या व्हिसाचा शिक्का संपलेला. गेले असते तर नवीन स्टॅम्पिंग होईपर्यंत परत येता आलं नसतं, अपॉइंटमेंट महिने महिने मिळत नाहीत. नोकरी गेली असती. समीर माझ्याच व्हिसावर. सगळं खरं. तरी मी तिकीट बघत होते. आणि ताई रोज फोनवर, "स्टेबल आहेत. येऊ नको. कशाला अडकून पडते?"
अकरा दिवस स्टेबल. बाराव्या दिवशी, "मेधा, बाबा गेले गं."
स्टेबल माणूस असा जातो?
अंत्यसंस्कार व्हिडिओ कॉलवर. फोन प्रशांतदादाच्या हातात, आमचा चुलतभाऊ. त्याला रडू आवरेना, त्यामुळे मला अर्धा वेळ त्याच्या शर्टाची बाही दिसली.

९ ऑक्टो., गुरु.

ताईला मेसेज केला: येते.
भांडायला जातेय. तिला कळलेलं नाही. तिने तीन हार्ट पाठवले.

१२ ऑक्टो., रवि.

तिने बुक करून टाकलं! १३ ते १६ नोव्हेंबर. मला एका शब्दाने विचारलं नाही. त्या शुक्रवारी ऑफिसात माझं सॉफ्टवेअरचं रिलीज आहे, हे तिला सांगितलेलं. वर दोघींसाठी शुक्रवारी चिखलाचा लेप. एक खोली, एक मोठा बेड. "लहानपणी झोपायचो ना तसं."
लहानपणी पांघरूण पण तीच ठरवायची.
मॅनेजरकडे सुट्टी मागितली. तो म्हणाला, एंजॉय. मी मीटिंग संपायच्या आत कॅमेरा बंद केला.

१८ ऑक्टो., शनि.

रिसॉर्टकडून फॉर्म. ॲलर्जी, बीपी, गुडघे. पाण्याचं तापमान कितपत सोसतं. शेवटचा प्रश्न: या मुक्कामात तुम्हाला काय मागे सोडायचंय?
लिहिलं: बहीण.
पुसलं. लिहिलं: स्ट्रेस. सबमिट.
ताईने काय लिहिलं असेल? ती असले फॉर्म मनापासून भरते.

२१ ऑक्टो., मंगळ.

दिवाळी. यंदा आपल्याकडे नाही. इराला समजावलं, आजोबा गेले ना, म्हणून एक वर्ष कंदील लावायचा नाही. ती म्हणाली, "बट आजोबा लव्ह्ड दिवाली. दॅट मेक्स नो सेन्स, आई." नऊ वर्षांची पोर. मलाही कुठे पटतंय.

संध्याकाळी प्रशांतदादाचा नागपूरहून फोन. पहिला सण, एकटी असशील म्हणून केला, भला माणूस. इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाला,
"काका तुझीच आठवण काढून राहिले होते गं. चौथ्या दिवसापासून सारखं, मेधा आली का, मेधा आली का. ताई सांगायची, निघाली, विमानात आहे. मग शांत व्हायचे. आठव्या दिवसापर्यंत विचारत होते, मग व्हेंटिलेटरच लागला."
मी खुर्ची ओढून बसले.
"तुला माहीत नव्हतं का?"
"माहीत होतं," म्हटलं. का म्हटलं? त्याला वाईट वाटू नये म्हणून. मला नक्की काय झालंय?

चौथा ते आठवा. पाच दिवस मी विमानात होते. नागपूरला पोचायला पाच दिवस लागतात. बाबा, रेल्वेतून टाइमटेबलं करून रिटायर झालेला माणूस, त्यांनी हिशोब केला नसेल? की केला, आणि बोलले नाहीत?

बास.

२२ ऑक्टो., बुध.

समीरला माहीत होतं.
सकाळी इराला शाळेत सोडून परत आलो, गाडीतच विचारलं. स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला.
"ताईने मला सांगितलं होतं, सिरियस आहेत."
"कधी?"
"पाचव्या दिवशी."
"आणि?"
"ती म्हणाली, मेधाला सांगितलं तर ती निघेल."
"निघालेच असते!"
"तेच ना, मेधा."
तेच ना. म्हणजे दोघांनी मिळून ठरवलं. माझे बाबा, माझा व्हिसा, माझी नोकरी, आणि मीटिंग माझ्याशिवाय. त्या आठवड्यात हा रोज मला चहा करून देत होता. मला वाटलं, केवढा समजूतदार. चहा!
दिवसभर घरून काम केलं. त्याने दोनदा दारावर टकटक केली. मी हेडफोन लावून बसले, आत काही वाजत नव्हतं.

२६ ऑक्टो., रवि.

रिसॉर्टला फोन, कॅन्सल करायला. काउंटरवरची बाई गोड आवाजाची, जणू तिला कुणी कधी रागावलंच नाही. विचारते, काही सेलिब्रेशन आहे का? म्हटलं, वडील वारले. ती म्हणाली, मग तुम्ही यायलाच हवं.
यायलाच हवं म्हणे. प्रत्येकाला माझं ठरवायचंय.
पण कॅन्सल नाही केलं. म्हटलं, मला वेगळी खोली द्या. आणि तो चिखल नको.
मिळाली खोली. पाण्यापासून लांबची. चालेल.

१ नोव्हें., शनि.

ताईचा फोन, आवाज पडलेला. तिला बदलाचा ईमेल गेला वाटतं.
"वेगळी खोली? का गं? मी घोरते म्हणून का?"
"हो."
"अगं, आता नाही घोरत. डॉक्टरांनी ते मशीन दिलं ना."
"तरी."
मग ती: "तू रागावली आहेस का माझ्यावर?"
आत्ता विचारतेय. नोव्हेंबरात.
"भेटल्यावर बोलू," म्हटलं.
"तिथं बोलत नाहीत ना पण," म्हणाली. जोक करत होती. मी हसले नाही. फोन ठेवल्यावर मात्र हसू आलं, तेही चीड आणणारं.

८ नोव्हें., शनि.

स्विमसूट आणायला गेले. ट्रायल रूमच्या आरशात बाबांची हनुवटी दिसली. तशीच बाहेर आले, पहिला हाताला लागला तो घेतला.

समीरने माफी मागितली. व्यवस्थित, समोर बसून. "मी घाबरलो होतो. तू गेलीस आणि अडकलीस तर इराचं मी एकट्याने कसं करणार, हाच विचार आला पहिला." म्हणजे त्याच्या भीतीपायी. निदान खरं बोलला. मी म्हटलं, ऐकलं. माफ केलं असं म्हटलं नाही. त्यानेही विचारलं नाही.

इरा बॅगेवर बसून: "आर यू अँड मावशी इन अ फाइट?"
"अजून नाही."
"सो यू आर गोइंग देअर टू हॅव वन?"
पोरीला सगळं कळतं.

१३ नोव्हें., गुरु.

खोलीत. फोन खाली जमा. वहीला कोणी हरकत घेतली नाही.

पाम स्प्रिंग्जला माझं विमान आधी पोचलं. गाडी घेऊन ताईची वाट बघत बसले. बाहेर आली तर ओळखूच येईना. पाच-सहा किलो उतरली असेल, केस रंगवणं सोडलंय. मिठी मारली तिने. मी हात खालीच ठेवले, आणि तिला ते कळलं.

गाडी मीच चालवत होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पवनचक्क्या, शेकड्यांनी, सगळ्या गरगरतायत. दहा मिनिटं ती हवेबद्दल बोलली. मग मी म्हटलं,
"मी पाच दिवस विमानात होते का, ताई?"
तिने विचारलंच नाही की काय म्हणतेस. म्हणाली, "गाडी बाजूला घे."
घेतली. वारा इतका की गाडी हलत होती.

"प्रशांतने सांगितलं?"
"तू का नाही सांगितलंस?"
"तू आली असतीस. मग अडकली असतीस. तुझी नोकरी, इरा..."
"ते पाठ आहे मला. समीरने पण म्हणून दाखवलं. अजून?"
"ते विचारायचे, मी सांगायची, येऊन राहिली आहे. त्यांना प्रत्येक वेळी नवीन वाटायचं गं. प्रत्येक वेळी तेवढाच आनंद."
"तो आनंद माझा होता. मी फोनवर दिला असता. फोन कानाला लावला असतास तरी... एकदा! बाबा, मी मेधा बोलतेय. एवढंच."
मी ओरडत होते. आयुष्यात ताईवर ओरडले नव्हते. काच बंद होती म्हणून, नाहीतर महामार्गावर ऐकू गेलं असतं.

ती रडली नाही. समोर बघत म्हणाली, "लावणार होते. सहाव्या दिवशी. नंबर काढला होता तुझा. मग नाही लावला."
"का?"
"तू आलीस की ते तुझ्याकडेच बघतात. नेहमीच. फोनवर जरी आलीस तरी. मी चार रात्री त्या खुर्चीत काढल्या होत्या, मेधा. हातांनी भरवत होते. आणि ते माझ्याकडे बघून विचारायचे, मेधा आली का. मला वाटलं, एवढे दिवस तरी माझे असू देत."

यावर काय बोलायचं ते माझ्या यादीत नव्हतं.
व्हिसाचं कारण असतं तर मी भांडून मोकळी झाले असते. हे खरं आहे हे मला ती बोलायच्या आधीपासून माहीत होतं. बाबांचं तसंच होतं. आणि मला ते आवडायचं.
तरी राग गेलेला नाही. उलट वाढलाय, कारण आता तो कुठं टाकावा कळत नाही.
गाडी सुरू केली. उरलेला रस्ता पवनचक्क्या.

१४ नोव्हें., शुक्र.

निघून जायचं ठरवून उठले. काउंटरवर फोन मागायला गेले तर तीच गोड आवाजाची बाई, बोटाने घड्याळ दाखवलं, दहापर्यंत मौन. भांडायलाही तोंड उघडता येईना.
म्हणून पाण्यात गेले. पाणी गंधकाचं नाही, वास नाही, नुसतं गरम. समोर उघडेबोडके डोंगर. ताई आधीच दुसऱ्या टोकाला गळ्यापर्यंत बसलेली. चिखल तिने पण कॅन्सल केला होता. दोघी समोरासमोर तासभर. मी एकदाही नजर वळवली नाही. तिनेही नाही.

दहा वाजले, माणसं हळू आवाजात बोलायला लागली. ती पाण्यातून चालत माझ्याकडे आली.
"पहिल्या दिवसापासून सांगते," म्हणाली. "सगळं. हवं आहे तुला?"
हवं होतं. तिच्याकडून हवं होतं याचीही चीड आली.
"सांग."
तिने सांगितलं. वॉर्डाचा रंग. शेजारच्या कॉटवरचे मास्तर, त्यांच्याशी बाबांनी काढलेला वाद, पंख्याच्या स्पीडवरून. सलाइनची सुई तीनदा चुकली तेव्हा नर्सला काय म्हणाले ते. उपमा नको, पोहे आण म्हणाले ते. मी मधे मधे विचारत होते. कोणता शर्ट. कोणत्या हाताला सुई. दाढी कोणी केली. तिला सगळं आठवत होतं. एकदा आम्ही दोघी हसलो, आणि मग मला तिला पाण्यात ढकलावंसं वाटलं.

तिसऱ्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत आलो आणि तिचा आवाज बसला. बोटं सुरकुतलेली. म्हणाली, "पुढचं उद्या सांगते. चालेल?"
म्हटलं, "काही गाळायचं नाही. मला काय झेपेल हे तू ठरवायचं नाहीस."
"नाही गाळणार." मग माझ्याकडे नीट बघत, "पण मग तू मधेच उठून जायचं नाहीस. आत्ता सकाळी चालली होतीस, मी पाहिलं."

मी हो म्हटलं नाही. टॉवेल घेतला आणि खोलीत आले.