बत्ताशाचे दहा दिवस

१९ जानेवारी १९६४, रविवार

बत्ताशाने आज भाकर नाकारली! सकाळी टाकलेली चतकोर संध्याकाळी जशीच्या तशी. मुंग्या लागल्या होत्या. जो कुत्रा शाळेतला खडूसुद्धा खातो, पोरींच्या शिदोऱ्या हुंगून ठेवतो, त्याने भाकरीकडे पाठ फिरवावी! काहीतरी बिघडलंय हे नक्की.

दूध दिलं. नाही. दुधात गूळ घातला. नाही. शेजारच्या शालिग्रामने मटणाचं हाडूक आणून दिलं, त्याकडे तर बघितलंही नाही. म्हटलं घशात काही अडकलं असेल. मांडीत घेऊन जबडा उघडला, बोट आत घातलं. हाताला काही लागलं नाही, पण केवढ्याने ओरडला! दात माझ्या बोटावर घसरला. जरासं रक्त आलं. हळद दाबली.

आत्याबाईंना — सासूबाईंना — सांगितलं, तर तूर निवडता निवडता मान वर न करता म्हणाल्या, "जनावर हाय. एक दिवस उपाशी राह्यलं तं काय मरते?" त्यांना त्या कुत्र्याचं कधी काही पडलेलंच नाही. हे त्याला पिल्लू असताना चिखलीच्या बाजारातून पिशवीत घालून घेऊन आले होते. पांढराशुभ्र, म्हणून बत्ताशा. हे गेल्यापासून दोन वर्षं आम्ही दोघी आणि तो, एवढंच घर. मी त्याला मांडीत घेते, त्या 'मेलं' म्हणतात आणि भाकर लांबून फेकतात.

चिडायचं नाही असं ठरवलं होतं. चिडले.

२० जानेवारी, सोमवार

पाणीही नाही! एवढंसं तोंड करून पाण्यापाशी जातो, जीभ टेकवतो आणि कळवळून मागे उडी मारतो. तोंडातून लाळेची तार. शाळेत जाताना मागे आला नाही. पोरींनी विचारलं, "बाई, बत्ताशा कुठी हाय?" मी म्हटलं, झोपलाय.

दुपारी पोलीस पाटील रंगराव दारात. दोघंतिघं मागे, काठ्या घेऊन. म्हणाले, "बाई, तुमाले वाईट वाटन, पन आयका. कुत्रं पाण्याले भ्यालं. लाळ गयून राह्यली. आता काय समजाचं बाकी हाय?"

मी तोंडाची फटकळ. म्हटलं, "पाटील, तुम्ही डॉक्टरकी कधी शिकलात?"

ते रागावले नाहीत. हळूच म्हणाले, "माह्या भावाचा पोरगा असाच गेला वो. नऊ वर्साचा होता. पाणी पाह्यलं का वरडे." मग मी एक दिवस मागितला — उद्या चिखलीला गुरांच्या दवाखान्यात नेते, डॉक्टर म्हणाले तर तुमच्या मनासारखं करा. दाढी खाजवून 'हाव' म्हणाले. जाता जाता नजर माझ्या बोटाकडे गेली. "हे काय झालं?"

"विळी लागली."

अशी सरळ खोटं बोलले! खरं सांगितलं असतं तर बत्ताशा तिथल्या तिथे गेला असता.

२१ जानेवारी, मंगळवार

यष्टीच्या कंडक्टरने कुत्रं पाहूनच घंटी मारली. शालिग्रामने न सांगता बैलगाडी जुंपली. बैलाचं मुसकं बत्ताशाच्या तोंडाला बांधलं, त्यात त्याचं थोबाड हरवून गेलं. सारा रस्ता शालिग्राम एका हाताने कासरा आणि दुसऱ्याने त्याची साखळी धरून. "तुम्हाला भीती नाही वाटत?" असं मी विचारलं तर म्हणतो, "वाटते ना. पन तुमी माह्या पोरीले पाढे शिकवले." ह्या माणसाचे उपकार कसे फेडायचे!

डॉक्टर तरुण आहेत, अमरावतीकडचे. लांबूनच पाहिलं. म्हणाले, आज काहीच सांगता येत नाही, पण मारू देऊ नका. मेलेला कुत्रा काही सांगणार नाही. दात लागल्यापासून दहा दिवस बांधून ठेवा. पिसाळलेला असेल तर दहा दिवस जगत नाही. जगला, तर तुम्हीही सुटलात.

तुम्हीही! मी बोट पदराखाली लपवलं होतं, तरी त्यांनी बरोबर हेरलं. बुलढाण्याला मोठ्या दवाखान्यात उद्याच्या उद्या जायचं. सुया. पोटात. रोज एक.

पाटलांच्या नावाने चिठ्ठी लिहून दिली. घोटभर चहासुद्धा पाजला. गाडीत बसल्यावर रडले. शालिग्राम बैलांशी बोलत राहिला, माझ्याकडे वळून पाहिलं नाही. त्याबद्दलही त्याचे आभार.

२२ जानेवारी, बुधवार

पहिली सुई. बेंबीच्या बाजूला. पोटात कोणी निखारा ठेवल्यासारखं झालं. घरी सांगितलंय, बुलढाण्याला शिक्षकांचं शिबिर आहे. मुख्याध्यापक किसनरावांना मात्र खरं सांगितलं. ते म्हणाले, "दुपारनंतरचा तुमचा वर्ग माझा. तिकडंच पाहा."

आत्याबाईंना सांगत नाही. ऐकवतील, कुत्र्याचे लाड करा अजून!

२२, संध्याकाळ

घरी आले तर अंगणात निंबाभोवती बाभळीच्या काट्या रचून कुंपण घातलेलं! मध्ये बत्ताशा साखळीला. पाटलांनी स्वतः घातलं म्हणे. शालिग्रामने काठीला फडकं बांधून ताक पाजायची युक्ती काढली आहे. फडकं तोंडावर पिळायचं, थेंब थेंब आत जातं. निम्मं बाहेर. पण गिळतो! डोळे मिटून, हुंदका दिल्यासारखं, पण गिळतो.

मी मनात ज्या माणसाला कसाई म्हटलं त्याने हातात काटे रुतवून माझ्या कुत्र्याची राखण केली. पाटलांशी उद्या नीट बोलणार आहे.

२३ जानेवारी, गुरुवार

बिब्बा! बिब्बा!!

डॉक्टर कुठेशी म्हैस पाहायला सायकलवर निघाले होते, वाट वाकडी करून आमच्याकडे आले. अर्धा तास कुंपणाबाहेर नुसते बसून बत्ताशाकडे बघत राहिले. तो पुढचा उजवा पाय चाटत होता. चाटायचा, कण्हायचा, पुन्हा चाटायचा. डॉक्टर उठले, मुसकं घातलं, पाय हातात घेतला. बोटांच्या बेचक्यात काळा डाग, भोवती फोड. मग मुसकं काढून, हाताला जाड पोतं गुंडाळून जबडा उघडला. जीभ, ओठ, टाळू — सगळीकडे फोड! "बाई, हा बिब्बा उतलाय! कोणीतरी काटा मोडला म्हणून पायाला बिब्बा तापवून लावला. कुत्रं चाटणारच. तोंड भाजल्यावर खाईल कसं, पिईल कसं?"

आमच्या भागात काट्याला बिब्ब्याचं जाळणारं तेल लावणं नवं नाही. गडी माणसं रोज लावतात. पण माणूस पाय चाटत नाही! हे कोणाच्या डोक्यात आलं नाही?

औषध सगळं घरातलं. तीळ आणि खोबरं वाटून तोंडात लावायचं, पायाला पण. वर गार ताक. तीळ संक्रांतीचे उरलेले आहेत. सुया मात्र दहा दिवस होईपर्यंत घ्यायच्याच. म्हणाले, "बिब्बा आहे ह्याची मला खात्री आहे, पण तुमच्या जिवावर मी खात्री लावणार नाही." असा माणूस ह्या तालुक्याला मिळाला हे आमचं नशीब.

लावला कोणी? शालिग्रामने पोरीची शपथ घेतली. पाटील म्हणाले, "म्या कायले लावू?" आत्याबाईंना विचारलं, तर "मले काय ईचारतं?" म्हणून आत गेल्या. पाट्यावर तीळ वाटायला बसल्या. एवढं तरी केलं.

२४ जानेवारी, शुक्रवार

तिसरी सुई. पोट सुजलंय, लुगड्याची गाठ सैल बांधावी लागते.

त्याने फडकं चोखलं. आपणहून!

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन. पोरींनी गाणी चांगली म्हटली, दोघीतिघी मधेच विसरल्या. घरी येते तो पाटील कुंपणापाशी उकिडवे बसलेले, अंगात सणाचा स्वच्छ सदरा. हातानेच खुणावलं — चूप! बत्ताशा घमेल्यात तोंड घालून पाणी पीत होता. लपलप लपलप. मी आयुष्यात इतका गोड आवाज ऐकला नाही. पाटील वळले, डोळे भरलेले. "पेला वो बाई! पाणी पेला!" आणि उठून रस्त्यावर जाऊन ओरडून सांगू लागले. शाळेच्या पोरी धावत आल्या, काट्यांबाहेर उभ्या राहून टाळ्या वाजवल्या. बत्ताशाला वाटलं झेंडा त्याच्यासाठीच लावला.

देवा, तुझे आभार. आणि ज्यांच्या हातांनी तू हे केलंस त्यांचेही.

२७ जानेवारी, सोमवार

आनंदातसुद्धा एक राग जात नाही. ज्याने बिब्बा लावला तो गप्प का? आठ दिवस माझा जीव टांगणीला! जेवताना म्हटलं, मोठ्याने म्हटलं, "सापडू दे एकदा. त्याच्याच जिभेला बिब्बा लावते." आत्याबाईंचा घास हातात राहिला. अर्धवट ताटावरून उठल्या. पोट बरं नाही म्हणाल्या. म्हातारपण.

२८ जानेवारी, मंगळवार

अर्धी भाकर खाल्ली! दुधात कुस्करून, पण खाल्ली. वर माझ्या हाताचा वास घेतला आणि शेपटी. सातवी सुई आज दुखलीच नाही. निदान तसं वाटलं.

यष्टीत बसल्या बसल्या मनात यादी केली. शालिग्राम, त्याचे बैल, डॉक्टर, पाटील, किसनराव, टाळ्या वाजवणाऱ्या पोरी, सुई देणाऱ्या त्या केरळकडच्या नर्सबाई — "डोळे मीट, झालं" एवढंच मराठी येतं त्यांना, आणि तेवढं पुरतं. एका कुत्र्यासाठी आणि एका फटकळ मास्तरणीसाठी एवढी माणसं उभी राहिली! हे गेल्यावर वाटलं होतं की गावात माझं कोणी नाही. फारच चुकीचं वाटलं होतं.

२९ जानेवारी, बुधवार

दहा दिवस पुरे! बत्ताशा जिवंत आणि हावरट!

कुंपण पाटलांनीच काढलं. साखळी सोडताच आधी त्यांच्याच अंगावर उडी. मी सगळ्यांदेखत कबूल केलं — विळी नव्हती, दात होता. मी खोटं बोलले, क्षमा करा. पाटील हसले. "मले पहिल्याच दिवशी समजलं व्हतं. ईळी अशी कापते काय? पन म्हटलं, ह्या बाईचा जीव त्या कुत्र्यात हाय. मारलं अस्तं तं दहा दिवस कायच्या भरवशावर काढले अस्ते तुमी?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांनी डॉक्टरांच्या चिठ्ठीआधीच मला एक दिवस दिला होता. ज्याच्या घरातलं पोर असं गेलं, त्याने. मी वाकून नमस्कार केला. ते दोन पावलं मागे सरले, "अवं बाई, हे काय!"

गाववाल्यांना शालिग्रामच्या ओसरीवर चहा केला. आत्याबाई आल्या नाहीत.

३० जानेवारी, गुरुवार

सकाळी न्हाणीत आत्याबाईंनी माझं पोट पाहिलं. "हे काय वो?" आता लपवण्यासारखं काय होतं? दात, बुलढाणा, सुया, सगळं सांगितलं.

त्या ओल्या फरशीवर खालीच बसल्या. "बिब्बा म्या लावला त्याच्या पायाले. काटा मोडला व्हता. तू शायेत गेली का तो माह्यापाशीच येऊन बसते... तुह्या बोटाले दात लागला हे मले मालूम नव्हतं वो आशा. मालूम अस्तं तं..."

"पण कुत्र्याला मारायला काठ्या घेऊन माणसं आली, तेव्हाही गप्प?"

"बोलाले तोंड उघडलं व्हतं. पन तू म्हणली व्हती ना, तुमच्या झाडपाल्यानंच माहा माणूस गेला. पुन्हा तसंच म्हणशीन असं वाटलं."

हो, म्हटलं होतं. ह्यांच्या तेराव्याला, स्वयंपाकघरात, एकदाच. ह्यांना मुदतीचा ताप होता, डॉक्टरांनीही हात टेकले होते, हे मला तेव्हाही माहीत होतं. मी बोलून विसरून गेले. त्या दोन वर्षं ते घेऊन माझ्याच घरात वावरल्या.

शाळेची वेळ झाली होती. मी गेले नाही. खोलीत येऊन आडवी झाले, पोटावरचा पदर बाजूला केला आणि हाक मारली, "आत्याबाई, फार ठणकतंय. तुमच्या हातानं काहीतरी लावा."

बराच वेळ त्या उठल्या नाहीत. मग उठल्या.